जगलेल्या रोपामागे चार सेंट

परीक्षांचे निकाल लागले, की आपल्या घरोघरी एकच चर्चा सुरू होते. मुलगी पदवीधर झाली, आता पुढे काय? बँक, शाळा, रुग्णालय, सरकारी कचेरी, संगणकाचे काम, जमल्यास परदेश, ह्या वाटा वडीलधाऱ्या मंडळींच्या परिचयाच्या आहेत. परंतु तीच मुलगी जेव्हा म्हणते, की मला समाजाच्या उपयोगी पडेल असा उद्योग उभारावयाचा आहे, जमीन, पाणी आणि रान टिकावे म्हणून झटावयाचे आहे, आणि पोटही त्याच कामावर भरावयाचे आहे, तेव्हा घरातील माणसे क्षणभर एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. सेवाच करावयाची तर मठात जावे, पैसा मिळवावयाचा तर नोकरी धरावी. ही तिसरी वाट कोणती, हे त्यांस उमगत नाही. आजकाल विद्यापीठांतून 'सामाजिक उद्योजकता' आणि 'शाश्वत विकासाचे धोरण' अशी भारदस्त नावे देऊन हे विषय शिकविले जातात. नावे नवी आहेत. काम मात्र तितके नवे नाही.

ह्या वाटेवर मिळते काय आणि मोजावे लागते काय, ह्याविषयी मोघम उपदेश करण्यापेक्षा ती वाट जन्मभर चाललेल्या एका बाईंची हकीकत वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांस वाटते. ह्या बाई आपल्या देशाच्या नव्हत. पूर्व आफ्रिकेतील केनिया हा त्यांचा देश आणि वांगारी माथाई हे त्यांचे नाव. तथापि नैरोबी हे शहर गोव्यातील पुष्कळ घरांना अगदीच परके नाही. इंग्रजी अमदानीत तेथील कचेऱ्यांतून आणि रेल्वेतून कारकुनी करणाऱ्या गोवेकरांच्या पिढ्या तेथे नांदल्या. बडोद्याच्या किंवा बेळगावच्या वाचकाला ते नाव दूरचे वाटले, तरी बाईंनी ज्या अडचणीला हात घातला ती दूरची नाही. चुलीला सरपण नाही, ओढ्याला पाणी नाही, आणि डोंगरावरील माती पावसाबरोबर वाहून चालली आहे, इतकीच ती अडचण होती.

वांगारीचा जन्म १ एप्रिल १९४० रोजी न्येरी भागातील इहिथे ह्या खेड्यात एका किकुयू शेतकरी कुटुंबात झाला. वडील एका गोऱ्या जमीनदाराच्या मळ्यावर कामाला होते. केनिया पर्वताच्या परिसरातील हा प्रदेश त्या काळी हिरवागार होता. घराजवळ मुगुमोचे एक मोठे झाड होते. आपल्या वडा-उंबराच्या कुळातील हे झाड किकुयू लोक पवित्र मानीत. त्याच्या काटक्या सरपणासाठी आणावयाच्या नाहीत, ते देवाचे झाड आहे, अशी आईची ताकीद होती. त्या झाडापाशी एक झरा उगम पावे. त्याच्या काठी जे कंद पिकत त्यांस तिकडे अॅरोरूट म्हणतात, पण ते म्हणजे आपले अळूच. पाणी आणावयास गेलेली ही पोर अळूच्या पानांखाली खेळे आणि पाण्यातील बेडकांच्या अंड्यांची माळ गळ्यात घालावी म्हणून ती उचलू पाही. माळ अर्थातच हातात तुटे. नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणात, साठी ओलांडलेल्या वांगारीबाईंनी ह्या झऱ्याची आणि ह्या अंड्यांची आठवण जगापुढे सांगितली. ती का सांगावीशी वाटली, हे पुढे येईलच.

मुलीला शाळेत घालण्याची त्या गावी रीत नव्हती. आपण शाळेत जातो, मग वांगारी का जात नाही, असे तिच्या थोरल्या भावाने आईला विचारले. आईजवळ त्याला उत्तर नव्हते आणि तिने उत्तर शोधण्याचा प्रयत्नही केला नाही. मुलीला शाळेत पाठविले. अकराव्या वर्षी वांगारी न्येरीजवळच्या मथारी येथील कॅथोलिक मिशनच्या सेंट सिसिलिया शाळेत वसतिगृहात राहावयास गेली. तेथे ती कॅथोलिक झाली, मेरी जोसेफीन हे नाव तिने घेतले आणि लीजन ऑफ मेरीच्या कामात ती शिरली. पुढे लिमुरू येथील लोरेटो धर्मभगिनींच्या शाळेतून ती १९५९ मध्ये उत्तीर्ण झाली. नंतर, १९६० मध्ये, केनियातील सुमारे ३०० विद्यार्थ्यांना अमेरिकेत शिकावयास नेण्यात आले. त्यांत तिची निवड झाली आणि ती कान्सास राज्यात बेनेडिक्टाइन भगिनींच्या महाविद्यालयात दाखल झाली. जीवशास्त्राची पदवी तिने १९६४ मध्ये तेथे घेतली, त्यापुढची पिट्सबर्ग येथे.

ह्या धर्मभगिनींविषयी वांगारीबाईंनी उतारवयातही कृतज्ञतेने लिहिले आहे. आपले घरदार सोडून परक्या मुलींसाठी आयुष्य वेचणाऱ्या त्या स्त्रियांकडे पाहून सेवेचे वळण आपणास लागले, असे त्या मानीत. मात्र मिशनरी आले तेव्हा जुन्या श्रद्धेबरोबर झाडाविषयीचा आदरही गेला, हेही त्यांनी स्पष्टपणे लिहून ठेवले आहे. दोन्ही गोष्टी त्या एकाच लेखणीने लिहू शकल्या, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

स्वदेशी परतल्या त्या १९६६ च्या प्रारंभी. विद्यापीठात नोकरी देऊ केल्याचे पत्र हाती होते. प्रत्यक्ष हजर झाल्यावर ती जागा दुसऱ्याला दिल्याचे त्यांस सांगण्यात आले. आपण स्त्री आहोत आणि अमुक एका जमातीच्या आहोत, म्हणून असे झाले, अशी त्यांची खात्री होती. पुढे एका जर्मन प्राध्यापकाने पशुवैद्यक विभागात त्यांस काम दिले, आणि १९७१ मध्ये त्या डॉक्टरेट मिळविणाऱ्या पूर्व व मध्य आफ्रिकेतील पहिल्या स्त्री ठरल्या. विवाह झाला, तीन मुले झाली, विद्यापीठात विभागप्रमुखपद मिळाले. येथवरची कथा कोणत्याही आईबापाला आवडावी अशी आहे. आमचे खरे सांगणे येथून पुढे सुरू होते.

गुरांना होणाऱ्या एका तापाचा अभ्यास करताना त्या गोचिडी गोळा करण्यासाठी रानोमाळ हिंडत. गोचिडी मिळत, पण त्याबरोबर दुसरेही काही नजरेस पडे. गायींच्या बरगड्या दिसत होत्या. पावसात डोंगरावरून येणारे पाणी मातीने तांबडे झालेले असे. गावी गेल्या तर ते मुगुमोचे झाड तोडलेले. जमिनीच्या नव्या मालकाने तेथे चहा लावला होता. आणि झाडापाशी उगम पावणारा झरा आटला होता. ह्या गुरांचा खरा शत्रू गोचीड नव्हे, असे त्या स्वतःशी म्हणू लागल्या. त्याच सुमारास केनियाच्या राष्ट्रीय महिला परिषदेत खेड्यांतील स्त्रियांची गाऱ्हाणी त्यांच्या कानी येऊ लागली. स्त्रियांनी मागितले काय? तर सरपण, स्वच्छ पाणी आणि पोषक अन्न. चहा-कॉफीच्या मळ्यांखाली जमीन गेली, झाडे गेली, सरपण महाग झाले. म्हणून आई लवकर शिजणारे, पण निःसत्त्व अन्न रांधते. म्हणून सुपीक प्रदेशातील पोरे रोडावलेली. एकात एक गुंतलेली ही साखळी त्यांस दिसली. ह्यावर झाडे का लावू नयेत, असा साधा विचार त्यांच्या मनात आला.

विचार साधा असला, तरी उद्योग साधा नव्हता. नवनव्या उद्योजकांनी लक्षपूर्वक वाचावा असा भाग हाच. वांगारीबाईंनी प्रथम 'एन्व्हायरोकेअर' नावाची एक कंपनी काढली. बेकारांना काम द्यावयाचे आणि झाडे लावावयाची, असा दुहेरी बेत होता. नैरोबीच्या कारुरा वनात सरकारी रोपवाटिकेशेजारी त्यांनी आपली पहिली रोपवाटिका मांडली. पैशाचे गणित काही केल्या जुळेना, आणि ती कंपनी बुडाली. आमच्या मते चूक त्यांच्या तळमळीत नव्हती, रचनेत होती. ज्यांस झाडाची गरज होती त्यांच्याजवळ पैसा नव्हता, आणि ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांस झाडाची निकड नव्हती. अशा दोन काठांमध्ये दुकान मांडले, तर ते चालावे कसे? 'सामाजिक उद्योग' ह्या नावाखाली निघणारी कितीतरी दुकाने आजही नेमकी ह्याच खड्ड्यात पडतात.

त्यांनी हाय खाल्ली नाही. मानवी वस्त्यांविषयी संयुक्त राष्ट्रांची एक मोठी परिषद १९७६ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर येथे भरली, तिला त्या गेल्या आणि नवा हुरूप घेऊन परतल्या. महिला परिषदेच्या वतीने ५ जून १९७७ रोजी, जागतिक पर्यावरण दिनी, नैरोबीच्या एका मैदानात सात झाडे लावण्यात आली. निरनिराळ्या जमातींतील सात थोर व्यक्तींच्या नावे ती होती. समारंभ झोकात पार पडला. त्या सातांपैकी पाच झाडे पुढे मेली.

ह्याचे आम्हांस हसू येत नाही, कारण आपल्याकडेही हेच चालते. कन्हैयालाल मुनशी यांनी १९५० मध्ये वनमहोत्सव सुरू केला, तेव्हापासून दर पावसाळ्यात आपल्या शाळांतून, कचेऱ्यांतून आणि चर्चच्या आवारांतून किती रोपे लागली असतील! पाहुणे येतात, खड्ड्यात माती लोटतात, छायाचित्र निघते. वैशाखात त्या जागी एक वाळकी काडी आणि तिच्याभोवती एक गंजलेले कुंपण उरते. पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवे रोप, नवे पाहुणे. लावलेल्या झाडांची संख्या मात्र दरवर्षी वाढतच असते.

वांगारीबाईंनी मोजमापच बदलले, आणि त्यांच्या सर्व कामाची किल्ली आम्हांस येथे दिसते. खेड्यातील स्त्रियांचे गट करावयाचे. त्यांनी आपल्याच रानातील बी गोळा करावयाचे, रोपे वाढवावयाची, ती स्वतःच्या शेताच्या बांधावर, शाळेच्या व चर्चच्या जमिनीवर लावावयाची, शेजाऱ्यांना द्यावयाची. हजार-हजार झाडांच्या ओळी झाल्या म्हणजे हिरवा पट्टा तयार होई. 'ग्रीन बेल्ट' हे चळवळीचे नाव त्यावरूनच पडले. आणि रोपवाटिकेबाहेर लागून जे रोप जगले, त्यापोटी त्या गटाला अमेरिकन चलनात सुमारे चार सेंट मिळत. लावलेल्या रोपाचे पैसे नाहीत, जगलेल्या रोपाचे. बाई गटागटाने जात, रोपे मोजीत, कोणती जगली ते तपासून कागदावर टिपीत, आणि मग पैसा हाती येई.

चार सेंट म्हणजे काहीच नव्हे, असे शहरी माणसाला वाटेल. ज्या बाईच्या हातात नवऱ्याने दिल्यावाचून कधी नाणे पडले नाही, तिला ते काही वेगळेच वाटले असले पाहिजे. शिवाय हे दान नव्हते, कामाचा मोबदला होता. दान घेणाऱ्याची मान खाली जाते; मोबदला घेणारी बाई हिशेब मागू शकते.

रोपे कशी करावीत हे शिकविण्यासाठी आरंभी सरकारी वनाधिकारी बोलाविण्यात आले. त्यांनी उताराचे कोन, बियांची खोली, जमिनीचे प्रकार अशी पुस्तकी व्याख्याने झोडली. स्त्रिया गोंधळल्या. त्या वेळी वांगारीबाईंनी त्यांस सांगितले, की हे सारे विसरा. तुम्ही मका आणि घेवडा पिढ्यानपिढ्या पेरीत आला आहात, बीज म्हणजे बीज. आपली बाईची अक्कल वापरा. मग कोणी फुटक्या मडक्यात बी रुजवले, कोणी कोंबड्या-शेळ्यांपासून वाचावे म्हणून ते मडके उंचावर ठेवले. जे साधे ते एका गटाने दुसऱ्याला दाखविले. अशा अक्षरशत्रू स्त्रियांना त्या 'पदविकेवाचूनचे वनाधिकारी' म्हणत. वनखात्याच्या प्रमुखाची एक मौजेची गोष्ट आहे. देशातील दर माणशी एक, म्हणजे दीड कोटी झाडे लावण्याचा संकल्प ऐकून तो हसला होता आणि तुम्हांस हवी तितकी रोपे फुकट नेत जा, असे त्याने सांगून टाकले होते. वर्षाच्या आत त्याला आपला शब्द मागे घ्यावा लागला. बायका परवडेनाशी रोपे नेऊ लागल्या होत्या! तेव्हापासून त्यांनी आपलीच रोपे वाढविण्याचे ठरविले.

गटांच्या सभांतून केवळ झाडांविषयी बोलणे होत नसे. वांगारीबाई लोकांना आपापल्या अडचणी सांगावयास लावीत. यादी लांबतच जाई. मग त्या विचारीत, ह्या अडचणी येतात कोठून? बहुतेक सारे सरकारकडे बोट दाखवीत. त्यावर त्या चुकीच्या बसमध्ये बसलेल्या प्रवाशाचा दृष्टान्त देत. मनुष्य चुकीच्या बसमध्ये का बसतो? कधी त्याला वाचता येत नाही, कधी कोणी मुद्दाम खोटे सांगितलेले असते, कधी विचारण्याची भीती वाटते, कधी तो प्यालेला असतो, आणि कधी तो विचारण्याचा आळस करतो. सरकार वाईट असेल. पण तुमच्या बांधावरील माती वाहून जाते, ती तर तुमचीच ना? ह्या प्रश्नावर सभेत शांतता पसरत असावी, असे आम्हांस वाटते.

आता मोल मोजण्याविषयी. वांगारीबाईंचा संसार मोडला. १९७९ मध्ये न्यायालयात घटस्फोट झाला, आणि निकालाविषयी फटकळ बोलल्याबद्दल त्यांस काही दिवस तुरुंगही पाहावा लागला. पैशाच्या ओढगस्तीमुळे दूरदेशी काम पत्करावे लागले तेव्हा मुलांना काही काळ त्यांच्या वडिलांकडे ठेवावे लागले. मग १९८२ मध्ये, संसदेची एक पोटनिवडणूक लढविण्यासाठी नियमाप्रमाणे त्यांनी विद्यापीठाच्या नोकरीचा राजीनामा दिला. मतदारयादीतील एका तांत्रिक मुद्द्यावर त्यांची उमेदवारीच बाद ठरली. त्या लगोलग विद्यापीठाकडे परत गेल्या, तर जागा भरली गेली होती. सोळा वर्षांची नोकरी गेली, राहते घर विद्यापीठाचे होते तेही सोडावे लागले. वयाच्या ४२ व्या वर्षी, पशुवैद्यकातील डॉक्टरेट मिळविलेली ही बाई बेकार झाली.

ज्या कामाला तोवर त्या फावला वेळ देत होत्या, तेच मग त्यांची चाकरी झाले. नॉर्वेच्या एका वनसंस्थेने सहकार्य देऊ केले, संयुक्त राष्ट्रांच्या महिला निधीकडून पैसा आला, आणि वांगारीबाई पगारी चालक होऊन चळवळ चालवू लागल्या. आमच्या तरुण वाचकांनी येथे किंचित थांबावे. ही 'कारकीर्द' त्यांनी नकाशा आखून निवडली नव्हती. एक दार बंद झाले म्हणून दुसऱ्यात त्या पूर्ण शिरल्या. पण ते दुसरे दार पाच वर्षांपूर्वीच त्यांनी स्वतःच्या हातांनी बांधून ठेवले होते, हेही विसरता कामा नये.

रोपे जगत होती, गट वाढत होते. मग ध्यानी आले, की खाली स्त्रिया मडक्यात एकेक रोप वाढवितात आणि वर एका सहीने अख्खे वन कोणाला तरी आंदण दिले जाते. धोरणाशी गाठ पडल्यावाचून गत्यंतर उरले नाही. नैरोबीच्या मध्यभागी उहुरू पार्क नावाचे एक सार्वजनिक उद्यान आहे. आपल्या पणजीच्या कांपालप्रमाणे किंवा बडोद्याच्या सयाजीबागेप्रमाणे साध्या माणसाने सुट्टीच्या दिवशी मुलाबाळांसह जावे अशी ती जागा. सत्ताधारी पक्षाच्या वृत्तपत्रसंस्थेसाठी तेथे ६० मजली इमारत उभी राहणार आणि राष्ट्राध्यक्ष डॅनियल अराप मोई यांचा पुतळा बसणार, असे १९८९ मध्ये उघडकीस आले. वांगारीबाईंनी शस्त्र उचलले ते टपालाचे. ह्या खात्याला पत्र, त्या खात्याला पत्र, परदेशी भांडवलदारांना पत्र. उत्तर कोणी देईना; पण संसदेत मात्र त्यांच्यावर तोंडसुख घेण्यात आले आणि घटस्फोटित बायांचे टोळके म्हणून चळवळीची हेटाळणी झाली. आफ्रिकी परंपरेतील खऱ्या स्त्रीने पुरुषांचा मान राखून गप्प बसावे, असे खुद्द राष्ट्राध्यक्ष म्हणाले. दहा वर्षांची कचेरी चोवीस तासांत रिकामी करावी, असा हुकूम आला. कपाटे, कागद, नोकरचाकर असा सारा बाडबिस्तरा वांगारीबाईंच्या लहानशा घरात येऊन पडला, आणि चळवळ पुढे काही वर्षे तेथूनच चालली. परदेशी पैसा मागे हटला. इमारत झाली नाही. उद्यान राहिले.

दुसरा मोठा सामना झाला तो कारुरा वनासाठी. नैरोबीच्या कडेचे सुमारे १,००० हेक्टरांचे हे वन तुकड्यातुकड्यांनी खासगी बांधकामासाठी वाटले जात होते. त्यांची बुडालेली पहिली रोपवाटिका ह्याच वनात होती. वांगारीबाई ८ जानेवारी १९९९ रोजी काही सोबत्यांसह फाटकाशी एक झाड लावावयास गेल्या असता भाडोत्री रखवालदारांनी त्यांच्यावर हल्ला केला. डोके फुटले. पोलीस ठाण्यात जाऊन त्यांनी तक्रार लिहून दिली, आणि तीवर सही केली ती स्वतःच्या रक्ताने. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, जगभर बोभाटा झाला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सार्वजनिक जमिनींची खिरापत थांबविल्याचे सरकारला जाहीर करावे लागले.

राज्य बदलले ते २००२ च्या डिसेंबरात. तेतू मतदारसंघातून वांगारीबाई शेकडा ९८ मते मिळवून निवडून आल्या आणि पर्यावरण खात्याच्या उपमंत्री झाल्या. नोव्हेंबर २००५ पर्यंत त्या त्या पदावर होत्या. वने राखण्यात गावच्या लोकांना रीतसर भागीदार करून घेणारा वनकायदा २००५ मध्ये झाला. देशाच्या दहा टक्के भूमीवर वृक्षाच्छादन राखण्याचे बंधन सरकारवर घालणारे कलम केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेत आले. ह्या गोष्टी एका बाईने केल्या असे म्हणणे खोटे होईल. परंतु फुटक्या मडक्यांवाचून त्या झाल्या असत्या, असे म्हणणेही तितकेच खोटे होईल.

तरीही आम्हांस असे वाटते, की खुर्चीवरील वांगारीबाई रोपवाटिकेतील वांगारीबाईंएवढ्या मोठ्या ठरल्या नाहीत. सरकारी वनात गरीब शेतकऱ्यांना रोपांमध्ये पीक घेऊ देण्याची 'शांबा' नावाची जुनी पद्धत होती. तिने नैसर्गिक वनाचा घास घेतला, असे त्यांचे ठाम मत होते आणि ते बंद व्हावे म्हणून त्यांनी जोर लावला. शास्त्रदृष्ट्या त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. पण ज्यांचा मका त्या वनात पिकत होता, त्यांनी कोठे जावे? मडके उंचावर ठेवणाऱ्या बाईशी तिच्या ओट्यावर बसून बोलता येते. सरकारी परिपत्रकाला ओटा नसतो. धोरणाच्या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न गाठणारच. पुढे २००७ च्या निवडणुकीत त्या पराभूत झाल्या, हेही नोंदविले पाहिजे.

शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांस जाहीर झाल्याची वार्ता ८ ऑक्टोबर २००४ रोजी कळली, ती आपल्या मतदारसंघाकडे मोटारीने जात असताना. तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकी स्त्री. न्येरीच्या एका हॉटेलापाशी मोटार थांबली, वार्ताहर जमले, आणि समोरच्या केनिया पर्वताकडे पाहत त्यांनी गुडघे टेकून नंदी फ्लेम जातीचे एक रोप लावले. झाडाचा शांततेशी संबंध काय, असा प्रश्न त्या वेळी अनेकांनी केला. चराऊ रानासाठी आणि पाण्यासाठी जेथे जमाती एकमेकींचे गळे कापतात, त्या देशात असा प्रश्न कोणी केला नसता. तोवर चळवळीने तीन कोटींहून अधिक झाडे लावली होती. आपल्या देशानेही २००६ चा इंदिरा गांधी पुरस्कार देऊन त्यांचा गौरव केला.

ह्या हकीकतीतून एखाद्या पदवीधर मुलीने काय घ्यावे, हे तिचे तिने ठरवावे. वडीलधाऱ्यांसाठी मात्र एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. असा उद्योग करू इच्छिणाऱ्या मुलीला 'तुझे पोट कसे भरेल' एवढेच विचारून थांबू नये. तू मोजणार काय, पैसा कोणाकडून येणार, तो कशाबद्दल मिळणार, आणि ज्यांच्यासाठी हे सारे करावयाचे त्या बाया हिशेबाच्या वहीपाशी बसणार की नाही, हेही विचारावे. ह्या प्रश्नांची उत्तरे तिच्यापाशी असतील, तर ती बँकेतील मुलीपेक्षा कमी व्यवहारी नाही. नसतील, तर ती शोधण्यासाठी तिला वर्ष-दोन वर्षे घरचा आधार द्यावा. एन्व्हायरोकेअरचा बुडीत हिशेबही अखेर फुकट गेला नाही.

वांगारीबाईंचे २५ सप्टेंबर २०११ रोजी नैरोबी येथे कर्करोगाने निधन झाले. वय ७१ वर्षांचे होते. शासकीय इतमामाने ८ ऑक्टोबरला त्यांस निरोप देण्यात आला. आपल्या शवपेटीसाठी एकही झाड तोडले जाऊ नये, अशी त्यांची इच्छा होती. म्हणून ती पेटी बांबू, पपायरसचे गवत आणि जलपर्णी विणून तयार करण्यात आली होती.